वजन घटविणारे इंजेक्शन आणि गरौठ्याचा प्रश्न

२० मार्च २०२६ ही तारीख औषध कंपन्यांच्या दिनदर्शिकेत कित्येक वर्षांपासून लाल शाईने लिहिलेली होती. डेन्मार्कच्या नोवो नॉर्डिस्क कंपनीकडे असलेले सेमाग्लुटाइड या औषधाचे भारतीय पेटंट त्या दिवशी संपले. मधुमेहासाठी ‘ओझेम्पिक’ आणि वजन घटविण्यासाठी ‘वेगोव्ही’ या नावांनी जगभर गाजलेले औषध ते हेच. आठवड्यातून एकदा पोटाच्या किंवा मांडीच्या त्वचेखाली टोचून घ्यायचे हे संप्रेरक आता देशी कंपन्यांना बनवून देशात विकता येते. राजधानीत या घटनेकडे दोन नजरांनी पाहिले गेले. उद्योग खात्यांना त्यात निर्यातीची संधी दिसली, आणि आरोग्य खात्याला गैरवापराची धास्ती. तिसरी नजर अशी की, हे औषध सरकारने स्वतः कोणाला द्यायचे, कोणत्या निकषावर, आणि कोणाच्या पैशाने? त्या बाजूला फारसे कोणी वळलेले नाही.

हा विषय राजकीय चर्चेच्या बाहेरचा मुळीच नाही. पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी फेब्रुवारी २०२५ च्या ‘मन की बात’मध्ये खाद्यतेलाचा वापर दहा टक्क्यांनी कमी करण्याचे आवाहन केले, आणि १५ ऑगस्ट २०२५ रोजी लाल किल्ल्यावरून लठ्ठपणा हे देशापुढील गंभीर संकट असल्याचे सांगितले. स्वातंत्र्यदिनाच्या भाषणात एखादा विषय आला की संबंधित मंत्रालयात त्याची फाइल उघडते, हा दिल्लीचा रिवाज आहे. या विषयात मात्र सगळा भर नागरिकाच्या संयमावर ठेवण्यात आला. तेल कमी खा, चाला, व्यायाम करा. सल्ला चुकीचा नाही. पण सल्ला म्हणजे धोरण नव्हे.

धोरणाची कसोटी घ्यायची तर ती दक्षिण दिल्लीतील दवाखान्यात घेऊन भागणार नाही. त्यासाठी गरौठ्याला जावे. उत्तर प्रदेशातील झाशी जिल्ह्याची ही तहसील झाशी शहराच्या पूर्वेला, सरळ रेषेत मोजले तरी सत्तर किलोमीटरांच्या पुढे आहे. बेतवा आणि धसान या नद्यांमधला हा मुलूख. विधानसभेचा मतदारसंघ गरौठ्याच्या नावाचा, लोकसभेसाठी तो जालौनला जोडलेला. मराठी वाचकाला हा भाग परका वाटू नये. छत्रसालाच्या मदतीला बाजीराव १७२९ मध्ये धावून गेले आणि त्यानंतर बुंदेलखंडाचा मोठा हिस्सा पेशव्यांकडे आला. याच गरौठा तहसिलीतील गुरसराय ही एका मराठी ब्राह्मण घराण्याची जहागीर होती. पुढे झाशीच्या राणीमुळे झाशी घरोघरी पोचली. गुरसराय आणि गरौठा मागे राहिली. आज या भागातून दिल्लीकडे येणाऱ्या गाड्यांमध्ये बांधकामावर निघालेल्या मजुरांची गर्दी असते. म्हणजे इथला माणूस दिल्लीला पोचतो. दिल्लीतला निर्णय त्याच्यापर्यंत पोचतो का, एवढेच पाहायचे आहे.

त्याआधी हे औषध आले कोठून, हे थोडक्यात पाहिले पाहिजे. कारण त्याच्या जन्मकथेत सरकारी पैशाचा आणि खासगी नफ्याचा हिशेब दडलेला आहे. जेवल्यानंतर आपल्या आतड्यातून जीएलपी-१ नावाचे संप्रेरक स्रवते. ते स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडण्याचा इशारा देते, जठर रिकामे होण्याचा वेग मंदावते आणि मेंदूला ‘पुरे’ असे कळविते. १९८० च्या दशकात बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये जोएल हॅबेनर आणि स्वेतलाना मॉयसोव्ह यांनी आणि डेन्मार्कमध्ये येन्स युल होल्स्ट यांनी त्याचा शोध घेतला. अडचण अशी की, शरीरातील एक विकर या संप्रेरकाचे दोन-तीन मिनिटांत तुकडे करते. इतक्या अल्पायुषी पदार्थाचे औषध कसे करायचे? पहिली वाट सापडली ती अमेरिकेच्या वाळवंटातील गिला या विषारी सरड्याच्या लाळेत. न्यूयॉर्कमधील माजी सैनिकांच्या सरकारी रुग्णालयात काम करणाऱ्या जॉन एंग यांनी १९९२ मध्ये त्या लाळेतून असेच, पण टिकाऊ संप्रेरक वेगळे केले. त्यावरून बनलेल्या एक्सेनाटाइडला अमेरिकेत २००५ मध्ये परवानगी मिळाली. दुसरी वाट नोवो नॉर्डिस्कच्या लॉटे ब्येरे क्नुडसेन यांनी शोधली. संप्रेरकाला मेदाम्लाची एक शेपटी जोडली की ते रक्तातील अल्ब्युमिनला चिकटून राहते आणि टिकते. त्यातून आधी रोज टोचायचे लिराग्लुटाइड आणि नंतर आठवड्याला एकदाच टोचायचे सेमाग्लुटाइड तयार झाले.

२०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत सेमाग्लुटाइड घेणाऱ्यांचे वजन ६८ आठवड्यांत सरासरी १४.९ टक्क्यांनी घटले. अमेरिकेच्या एलाय लिली कंपनीचे टिर्झेपाटाइड दोन संप्रेरकांचे काम एकट्याने करते. त्याच्या सर्वांत मोठ्या मात्रेवर ही घट ७२ आठवड्यांत सुमारे २१ टक्के दिसली. २०२३ च्या एका मोठ्या चाचणीत, हृदयविकार असलेल्या लठ्ठ रुग्णांमध्ये सेमाग्लुटाइडमुळे हृदयविकाराचा झटका, पक्षाघात आणि हृदयरोगाने मृत्यू यांचे एकत्रित प्रमाण २० टक्क्यांनी कमी झाले. म्हणजे हे केवळ आरशासमोर उभे राहणाऱ्यांचे औषध उरलेले नाही. मात्र औषध थांबविल्यावर वर्षभरात गमावलेल्या वजनाचा दोन तृतीयांश भाग परत येतो, हेही अभ्यासाने दाखविले आहे. एकदा सुरू केले की बहुतेकांना ते दीर्घकाळ घ्यावे लागणार. अर्थ खात्याच्या अधिकाऱ्याला घाम फुटतो तो याच वाक्याला, आणि त्यात त्याची चूक नाही.

आता भावाकडे वळू. एलाय लिलीने मार्च २०२५ मध्ये ‘मौंजारो’ भारतात आणले, तेव्हा सुरुवातीच्या मात्रेची एका आठवड्याची कुपी ३,५०० रुपयांना होती. जून २०२५ मध्ये आलेल्या वेगोव्हीचा सर्वांत मोठ्या मात्रेचा महिन्याचा खर्च २६,०१५ रुपये होता. त्याच वर्षी उत्तर प्रदेशात रोजगार हमीची मजुरी दिवसाला २५२ रुपये होती. पूर्ण शंभर दिवस काम मिळाले तरी वर्षाचे २५,२०० रुपये. गरौठ्यातील मजुराच्या हमीच्या वर्षभराच्या कमाईतून वेगोव्हीचा एक महिनाही निघत नव्हता. नोव्हेंबर २०२५ मध्ये नोवो नॉर्डिस्कने भाव ३७ टक्क्यांपर्यंत उतरविले. पेटंट संपण्याच्या तोंडावर परदेशी कंपनीला आलेले हे औदार्य वाचकांनी योग्य त्या अर्थाने घ्यावे.

महाराष्ट्राचा या कथेत मोठा वाटा आहे. मुंबईच्या ग्लेनमार्कने जानेवारी २०२४ मध्ये लिराग्लुटाइडचे देशी रूप बाजारात आणले. मधुमेहासाठीच्या त्या औषधाचा दिवसाचा खर्च शंभर रुपयांच्या आसपास ठेवला. मुंबईच्याच सिप्लाने ऑक्टोबर २०२५ मध्ये टिर्झेपाटाइडचा दुसरा ब्रँड विकण्यासाठी लिलीशी करार केला. पुण्याच्या एमक्युअरने नोव्हेंबर २०२५ मध्ये वेगोव्हीचेच औषध ‘पोविझट्रा’ या नावाने विकण्याची जबाबदारी नोवोकडून घेतली. मोठ्या शहरांपलीकडे पोचणे हाच या दोन्ही करारांचा हेतू सांगण्यात आला. दुसरीकडे हैदराबादच्या डॉ. रेड्डीज कंपनीशी नोवोचा खटला दिल्ली उच्च न्यायालयात चालला. मूळ रेणूसमूहाचे पेटंट सप्टेंबर २०२४ मध्येच संपले असताना त्यातील एका रेणूवर दुसरे पेटंट का चालावे, असा देशी कंपनीचा सवाल होता. जिथे पेटंट नाही अशा देशांना निर्यात करण्यासाठी उत्पादन करायला मनाई करण्यास न्यायालयाने डिसेंबर २०२५ मध्ये नकार दिला. २००५ च्या पेटंट दुरुस्तीवर संसदेत डाव्या पक्षांनी हट्टाने घालून घेतलेल्या सुरक्षातरतुदी आठवतात त्या अशा वेळी. त्या वेळी त्यांना विकासविरोधी म्हणणारे पुष्कळ होते.

तेव्हा भाव उतरणार, हे गृहीत धरू. पण भाव उतरला की औषध पोचते, हे गृहीत धरता येत नाही. इथेच गरौठ्याचा प्रश्न सुरू होतो, आणि त्याचे एक टोक पुण्यात आहे.

पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९० च्या दशकापासून पुण्याजवळच्या खेड्यांतील गर्भवती स्त्रिया आणि त्यांची मुले यांचा अभ्यास केला. त्या खेड्यांतील नवजात बाळाचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो, तर इंग्लंडच्या साउदम्प्टनमधील बाळाचे ३.५ किलो. बाळ लहान, स्नायू कमी. मात्र त्वचेखालची चरबी त्या मानाने फारशी कमी नाही. ‘बारीक पण चरबीदार’ भारतीय ही संकल्पना तिथून आली. २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात डॉ. याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचे छायाचित्र प्रसिद्ध झाले. दोघांचाही देहभार निर्देशांक, म्हणजे उंचीच्या तुलनेत वजनाचे माप, नेमका २२.३. शरीरातील चरबी मात्र युडकिन यांच्या अंगात ९.१ टक्के, आणि याज्ञिक यांच्या २१.२ टक्के. संशोधकाने स्वतःचेच शरीर पुरावा म्हणून मांडावे, असे प्रसंग विरळा.

वजनकाटा भारतीय माणसाबद्दल खोटे बोलतो, असा त्याचा अर्थ. जागतिक आरोग्य संघटनेच्या सल्लागार गटानेही २००४ मध्येच आशियाई लोकांसाठी २३ आणि २७.५ असे कमी आकडे सुचविले होते, आणि भारतीय तज्ज्ञ २५ च्या पुढे लठ्ठपणा मानतात. वजन घटविण्यासाठी या इंजेक्शनांना भारतात परवानगी मिळाली ती मात्र पाश्चात्त्य चाचण्यांचाच निकष घेऊन: निर्देशांक ३० किंवा अधिक, अथवा २७ आणि सोबत एखादा संबंधित विकार. मधुमेह झालेल्याला मधुमेहाचे औषध म्हणून ते मिळू शकते. पण निर्देशांक २५, पोट सुटलेले, साखर सीमेवर आणि हातापायांच्या काड्या, असा जो अस्सल भारतीय रुग्ण आहे, तो या निकषात बसत नाही. आणि बसविला, तर दुसरा धोका आहे. या औषधाने घटणारे वजन निव्वळ चरबीचे नसते; काही मोजण्यांत घटीचा तिसऱ्या हिश्शाहून अधिक भाग स्नायूंसह चरबीखेरीज असलेल्या वस्तुमानाचा आढळला. ज्याच्याकडे मुळात स्नायूच कमी, त्याने ते गमावले तर म्हातारपणी काय? प्रश्न पुण्याने वीस वर्षांपूर्वी विचारला. उत्तर शोधणाऱ्या, भारतीय शरीरावरच्या मोठ्या आणि दीर्घ चाचण्या सरकारने स्वतःच्या पैशाने हाती घ्यायला हव्या होत्या. कंपनीला त्यात रस असण्याचे कारण नाही.

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणातील उत्तर प्रदेशाचे आकडे या संदर्भात पाहण्यासारखे आहेत. राज्यातील १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी १९ टक्के प्रमाणापेक्षा कृश, तर २१.३ टक्के प्रमाणापेक्षा वजनदार. कृश आणि स्थूल यांची संख्या जवळपास सारखी, आणि निम्म्या स्त्रियांमध्ये रक्ताची कमतरता. महाराष्ट्राचे चित्रही फारसे वेगळे नाही. उगाच कॉलर ताठ करू नये. एकाच गावात, कधी एकाच घरात कुपोषण आणि लठ्ठपणा शेजारी शेजारी नांदतात, आणि सरकारी यंत्रणेत त्यांची खाती वेगळी असतात.

या दोन खात्यांना जोडणारी गोष्ट म्हणजे रेशन. अन्नसुरक्षा कायद्याखाली माणशी महिना पाच किलो धान्य मोफत मिळते. १ जानेवारी २०२४ पासून पुढील पाच वर्षांसाठी ही योजना वाढविण्यात आली. हे धान्य गहू आणि तांदूळ. त्याने भूक भागते, हे निर्विवाद. पण बुंदेलखंड हा हरभरा, मसूर, वाटाणा आणि उडीद पिकविणारा प्रदेश आहे. स्नायू बांधणारे अन्न गरौठ्याच्या शेतात उगवते, बाजारात विकले जाते आणि रेशनच्या पिशवीत परत येते ते पिष्ट. डिसेंबर २०२१ मध्ये, विधानसभा निवडणुकीच्या तोंडावर, उत्तर प्रदेश सरकारने या पिशवीत एक किलो हरभरा, एक किलो मीठ आणि एक लिटर रिफाइंड तेल घातले. निवडणूक झाली, काही महिने गेले, आणि हरभराही गेला, तेलही गेले. तेल कमी खा असे सांगणारा आणि निवडणुकीत तेलाची पिशवी वाटणारा पक्ष एकच, याची गंमत बाजूला ठेवू. हरभरा राहिला असता तर बरे झाले असते.

पुरवठ्याच्या अडचणी तर ढळढळीत आहेत. ही इंजेक्शने लिहून देण्याची मुभा संप्रेरकतज्ज्ञ आणि अंतर्गत वैद्यकशास्त्राच्या तज्ज्ञांपुरती ठेवण्याची अट औषध नियंत्रकांनी घातली. शहरातील ब्यूटी पार्लरमध्ये आणि व्यायामशाळांत हे औषध पोचू नये म्हणून ती योग्यच आहे. जुलै २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयापुढे याच गैरवापराची जनहित याचिका आली होती, आणि न्यायालयाने औषध नियंत्रकांना तज्ज्ञांशी बोलून निर्णय घेण्यास सांगितले होते. परंतु केंद्राच्याच २०२१-२२ च्या ग्रामीण आरोग्य आकडेवारीनुसार देशातील सामुदायिक आरोग्य केंद्रांत तज्ज्ञ डॉक्टरांची सुमारे ८० टक्के कमतरता होती. गरौठ्यासारख्या तहसिलीच्या रुग्णासाठी या अटीचा अर्थ झाशीचे महाराणी लक्ष्मीबाई वैद्यकीय महाविद्यालय, दिवसाची मजुरी आणि बसभाडे असा होतो. शिवाय औषध दोन ते आठ अंश तापमानात साठवावे लागते. वापरायला काढल्यावर काही आठवडे तीस अंशांपर्यंत चालते. बुंदेलखंडात मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो आणि वीज जाते.

या पृष्ठाचे वाचक बहुतांशी सरकारी सेवेतील आहेत. म्हणून थोडे नियमांचे बोलू. २०२२ च्या राष्ट्रीय अत्यावश्यक औषधसूचीत जीएलपी-१ वर्गातील एकही औषध नाही. सूचीत नाही म्हणून त्याला कमाल किमतीची मर्यादा नाही; २०१३ च्या किंमत नियंत्रण आदेशानुसार अशा औषधाची किंमत वर्षाला दहा टक्क्यांहून अधिक वाढविता येत नाही, एवढेच बंधन. सुरुवातीची किंमत कंपनीच्या मर्जीची. याउलट जागतिक आरोग्य संघटनेने सप्टेंबर २०२५ मध्ये सेमाग्लुटाइड, लिराग्लुटाइड, डुलाग्लुटाइड आणि टिर्झेपाटाइड ही औषधे, मधुमेहासोबत हृदय किंवा मूत्रपिंडाचा विकार आणि लठ्ठपणा असलेल्या रुग्णांसाठी, आपल्या अत्यावश्यक सूचीत घेतली. डिसेंबरमध्ये लठ्ठपणासाठीही सशर्त शिफारस केली. ‘सशर्त’ हा शब्द महत्त्वाचा. दीर्घकालीन पुरावा अपुरा आहे, खर्च मोठा आहे आणि २०३० पर्यंत गरजूंपैकी दहा टक्क्यांपर्यंतही औषध पोचणार नाही, असे संघटनाच म्हणते.

म्हणून सरसकट वाटपाची मागणी कोणी शहाणा माणूस करणार नाही. संघटनेने आखलेला छोटा गट, म्हणजे मधुमेह, लठ्ठपणा आणि हृदय किंवा मूत्रपिंडाचा विकार एकत्र असलेले रुग्ण, एवढ्यांपुरता निर्णय तरी सरकारने घ्यावा. सूचीत नाव घालावे, सरकारी खरेदीसाठी एकत्र निविदा काढावी, जिल्हा रुग्णालयाच्या डॉक्टरला प्रशिक्षण देऊन लिहिण्याचा अधिकार द्यावा, आणि भारतीय निकष ठरविण्यासाठी चाचणी सुरू करावी. केंद्र सरकारी आरोग्य योजनेचे कार्ड खिशात असलेल्या आपल्यापैकी अनेकांच्या दृष्टीने इथे एक अवघड मुद्दा आहे. लाल किल्ल्यावरून ज्याला संकट म्हटले, त्याचे औषध चैनीच्या खान्यात फार काळ ठेवता येणार नाही; आणि तो खाना उघडला, तर सर्वांत आधी तो कर्मचाऱ्यांसाठी आणि निवृत्तांसाठी उघडेल. त्यांची संघटना आहे, अर्ज आहेत, न्यायाधिकरण आहे. गरौठ्याच्या मजुराकडे आयुष्मान कार्ड असते, पण ती योजना रुग्णालयात दाखल होणाऱ्यांसाठी. आठवड्याच्या इंजेक्शनासाठी कोणी दाखल होत नाही. मूत्रपिंड निकामी झाल्यावर मात्र ते कार्ड चालते.

याला एक जुना दाखला आहे. फेब्रुवारी २००१ मध्ये मुंबईच्या सिप्लाने एचआयव्हीवरील तीन औषधांचा एकत्रित उपचार माणशी वर्षाला ३५० डॉलरना देऊ केला, तेव्हा जगभर खळबळ उडाली. पाश्चात्त्य कंपन्या त्याच उपचाराचे दहा हजारांहून अधिक डॉलर घेत होत्या. आफ्रिकेतील सरकारांनी आणि सेवाभावी संस्थांनी ही औषधे उचलली. ती ज्या देशात तयार होत होती, तेथील सरकारने मोफत उपचार सुरू केला १ एप्रिल २००४ रोजी. पहिल्या टप्प्यात तामिळनाडू, आंध्र प्रदेश, कर्नाटक, महाराष्ट्र, मणिपूर, नागालँड ही सहा राज्ये आणि दिल्ली होती. उत्तर प्रदेश त्यांत नव्हता.